बीएचपीच्या आधी वजन बघा: गोव्याच्या रस्त्यांवर गाडी जोखायची कशी

गाडीच्या शोरूममध्ये पाऊल टाकलं की पहिला आकडा कानावर पडतो तो बीएचपीचा, म्हणजे इंजिनाच्या ताकदीचा. एकशे दहा, एकशे पन्नास, इलेक्ट्रिकमध्ये तर आता पाचशेच्याही वर. वजनाचा आकडा मात्र कुणी आपणहून सांगत नाही. माहितीपत्रकात तो शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतो, कधी नसतोच. गोव्यात गाडी चालवणाऱ्याने आधी तोच शोधून काढावा, असं माझं ठाम मत आहे. पर्वरीचा चढ, फर्मागुडीची चढण, करमल घाटातली वळणं, चोर्ल्याचा उतार आणि बाकी सगळे गावांमधून जाणारे अरुंद रस्ते: या मुलखात इंजिनाची पूर्ण ताकद वापरायची वेळ क्वचित येते. वजन मात्र प्रत्येक वळणाला, प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक खड्ड्याला जाणवतं.

हे मत हवेतलं नाही, थोडा हिशेब करून बघा. मध्यम आकाराच्या गाडीला ताशी ६० किलोमीटरने जाताना हवा कापायला जेमतेम अडीच पीएस लागतात (पीएस हेही ताकदीचंच माप, जवळपास बीएचपीएवढं). वेग दुप्पट केला की ही गरज आठपट होते, म्हणजे १२० च्या वेगाला साधारण २० पीएस. आता पंधरा मीटर चालीला एक मीटर उंची, असा चढ घ्या. एक टनाची गाडी तो ५० च्या वेगाने चढते तेव्हा नुसतं वजन वर उचलायलाच १२ पीएस जातात, दोन टनांच्या गाडीला २५. आपल्याकडच्या वेगात हवेपेक्षा वजनच जास्त ताकद खातं.

पहिली पायरी: आकडे एका मापात आणा

ताकद तीन एककांत लिहिलेली दिसेल. एक पीएस म्हणजे ७३५.५ वॉट, अर्थात ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याची शक्ती. बीएचपी म्हणजे ७४५.७ वॉट. दोघांत दीड टक्क्याहूनही कमी फरक आहे, तेव्हा त्यावर डोकं शिणवू नका. किलोवॅट दिले असतील तर १.३६ ने गुणा, पीएस मिळतील. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाबतीत हे नेहमी करावं लागतं.

वजनात मात्र खरी गफलत होते. ‘कर्ब वेट’ म्हणजे इंधन, ऑइल, पाणी भरलेली, रस्त्यावर जायला तयार असलेली रिकामी गाडी. युरोपीय पद्धतीच्या आकड्यात ७५ किलोचा चालक धरलेला असतो, जुन्या जर्मन डीआयएन पद्धतीत तो धरत नाहीत. म्हणून एकाच बीएमडब्ल्यूचं वजन दोन ठिकाणी ७५ किलोंनी वेगळं लिहिलेलं सापडतं आणि दोन्ही बरोबर असतात. तुलना करताना दोन्ही गाड्यांचे आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, ते बघा. तिसरा आकडा ‘ग्रॉस वेट’चा, म्हणजे माणसं-सामानासकट गाडीने जास्तीत जास्त किती वजन पेलावं त्याचा. त्यातून कर्ब वेट वजा केलं की किती भार घालता येईल ते कळतं. तुमच्या आरसी कार्डावर ‘अनलॅडन वेट’ असा रकाना असतो. जुनी गाडी घेताना सुरुवात तिथूनच करा.

टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. त्याबद्दल एवढं लक्षात ठेवा: टॉर्कला आरपीएमने, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी, गुणून ९,५४९ ने भागलं की त्या क्षणाचे किलोवॅट मिळतात. माहितीपत्रकातला ताकदीचा मोठा आकडा इंजिन जोरात फिरतं तेव्हाचा असतो. नव्या स्विफ्टचे ८२ पीएस ५,७०० आरपीएमला मिळतात, फोक्सवॅगन वर्टसच्या दीड लिटर टर्बोचे १५० पीएस ५,००० च्या वर. पण गावातून आपण गाडी चालवतो ती दोन हजारांच्या आसपास. तिथे वर्टसचा टर्बो २५० न्यूटन-मीटर देतो, म्हणजे ७१ पीएस. स्विफ्टचा कमाल टॉर्कच ११२ आणि तोही ४,३०० ला, म्हणजे दोन हजारांवर तिच्या हाती फार तर ३२ पीएस. कागदावर दोघींच्या ताकदीत जेवढं अंतर दिसतं त्याहून जास्त ते चढावर जाणवतं, याचं कारण हे.

दुसरी पायरी: भरलेल्या गाडीचं गुणोत्तर काढा

ताकद भागिले वजन, हे गुणोत्तर सगळ्यांना माहीत असतं. पीएसला टनांनी भागा. स्विफ्टचं कर्ब वेट सुमारे ९२० किलो. सत्तर किलोचा चालक बसला की ९९० किलो, आणि टनामागे जवळपास ८३ पीएस. आता चतुर्थीला गावी निघालेली गाडी डोळ्यांपुढे आणा: चार माणसं आणि डिकीत साठ किलोंचं सामान. वजन १,२६० वर गेलं आणि गुणोत्तर आलं ६५ वर. एकट्याने टेस्ट ड्राइव्ह घेतलेली गाडी आणि ही गाडी वेगळीच आहे, असं वाटावं एवढा हा फरक आहे.

वर्टसचं वजन साधारण साडेबाराशे किलो धरा. एकटा चालक असताना टनामागे ११४ पीएस, भरल्यावर ९४. स्विफ्टचं गुणोत्तर एकवीस टक्क्यांनी पडलं, वर्टसचं सतरा टक्क्यांनी. हलक्या गाडीचं हे दुखणं कुणी सांगत नाही, पण ते खरं आहे: तेवढंच ओझं हलक्या गाडीला जास्त जड जातं. घरात पाच माणसं असतील आणि दर पंधरवड्याला बेळगावला जायचं असेल, तर नुसत्या हलकेपणावर भाळू नका. दोन माणसांना पणजी-मडगाव करायचं असेल तर गोष्ट निराळी.

तिसरी पायरी: गाडी वजनकाट्यावर न्या

ही पायरी कुणी करत नाही, आणि शिकायला तर हिच्यासारखी दुसरी नाही. खाणपट्ट्यात आणि औद्योगिक वसाहतींच्या आसपास ट्रकांचे वजनकाटे आहेत. ट्रकांची रांग नसेल अशी वेळ गाठा, टाकी भरून घ्या, स्टेपनी आणि जॅक जागेवर असू द्या. पट्टीवर गाडी मधोमध उभी करा, इंजिन बंद करा, सगळे खाली उतरा. केबिनमधला माणूस बहुधा विचारेल, माल काय लिहू? रिकामी गाडी आहे म्हणून सांगा. चिठ्ठी छापून येते तिच्यावर गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि ग्रॉस, टेअर, नेट असे तीन रकाने असतात. तुमचा आकडा ग्रॉसच्या रकान्यात असेल, बाकीचे दोन रिकामे. काटा बहुधा पाच किंवा दहा किलोंच्या टप्प्याने वाचतो, म्हणून पाच-दहा किलोंच्या फरकाने अस्वस्थ होऊ नका.

आता खरं काम. गाडी पुढे घेऊन फक्त मागची चाकं पट्टीवर ठेवा आणि पुन्हा वजन करा. मग फक्त पुढची. पट्टी आणि बाजूची जमीन एकाच पातळीत हवी, नाहीतर आकडा चुकतो. इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढचीच, अशा हॅचबॅकमध्ये साठ टक्क्यांहून जास्त वजन पुढच्या चाकांवर सापडेल. म्हणजे वळवण्याचं, ओढण्याचं आणि ब्रेकच्या कामातलंही बहुतेक काम त्याच दोन टायरांवर. ओल्या वळणावर वेग जरा जास्त झाला की अशा गाडीचं नाक बाहेर का पळतं, ते या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. जमलं तर मागे तीन माणसं बसवून परत वजन करा. मागच्या चाकांवरचा भार किती वाढतो ते बघितलं की टायरमधली हवा भारानुसार बदला असं दाराच्या कडेच्या स्टिकरवर का लिहितात, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

चौथी पायरी: गुणोत्तर काय सांगत नाही ते ओळखा

इथे थोडं थांबू, कारण नवखे अडतात ते इथेच. १९९२ मध्ये जगापुढे आलेली मॅकलारेन एफ१ घ्या: ६२७ पीएस, १,१३८ किलो. २००५ ची बुगाटी वेरॉन: १,००१ पीएस, १,८८८ किलो. टनामागे एकीला ५५१, दुसरीला ५३०, म्हणजे जवळपास सारखंच. तरी शून्य ते शंभर मॅकलारेनला ३.२ सेकंद लागतात आणि वेरॉनला अडीच, कारण वेरॉनची चारही चाकं ढकलतात, मॅकलारेनची दोनच. सुरुवातीच्या त्या सेकंदांत इंजिन देऊ शकतं तेवढं टायर घेऊ शकत नाहीत. कमाल वेगाचं गणित आणखी वेगळं. मॅकलारेनने १९९८ मध्ये ३८६ चा वेग गाठला होता, वेरॉनने २००५ मध्ये ४०७. पावणेचारशे पीएस जास्त घालून एकवीस किलोमीटर वाढले. त्या वेगाला वजनाला फारशी किंमत उरत नाही, सगळी झुंज हवेशी असते.

आणि आजच्या गाड्या? बीएमडब्ल्यूची २०१७ साली आलेली एम५: ६०० पीएस, १,८५५ किलो, शंभरला ३.४ सेकंद. २०२४ ची एम५, जिच्यात व्ही८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाच्या जोडीला इलेक्ट्रिक मोटर आणि बॅटरी आहे: ७२७ पीएस, २,४३५ किलो, शंभरला ३.५ सेकंद. दोन्ही वजनं डीआयएन पद्धतीची. १२७ पीएस वाढले, ५८० किलोही वाढले, टनामागचा आकडा ३२३ वरून २९९ वर घसरला आणि गाडी एक दशांश सेकंदाने मंदावली. नव्या गाडीला बॅटरीवर शांतपणे शहरातून जाता येतं, हे मान्य. पण ‘सातशे सत्तावीस’ हा आकडा ऐकून ती आधीच्या गाडीपेक्षा चपळ असेल असं कुणी समजत असेल तर त्याची फसगत होते.

इलेक्ट्रिक गाड्यांनी हा घोळ वाढवला आहे. बीवायडी सील परफॉर्मन्स ५३० पीएसची, वजन २,१८५ किलो. टनामागे २४३ पीएस, म्हणजे दोन्ही एम५ पेक्षा बरीच खाली, तरी शंभरला ३.८ सेकंद. गिअर बदलणं नाही, टर्बोची वाट बघणं नाही, पाय दाबताच टॉर्क हजर. सरळ रेषेत ती वजन लपवते. मोले सोडून अनमोड घाटाला लागल्यावर, वळणामागून वळण आलं की ते लपत नाही.

या सगळ्यांच्या दुसऱ्या टोकाला १९९६ ची लोटस एलिस, एक छोटी स्पोर्ट्स कार. १२० पीएस, ७२५ किलो. अॅल्युमिनियमचे भाग चिकटवून केलेला तिचा सांगाडा फक्त ६८ किलोंचा होता. वर्टसपेक्षा ३० पीएस कमी, तरी शंभरला सहा सेकंदांच्या आसपास. एअरबॅग नव्हत्या, आणि आज तशी गाडी विकता येणार नाही. वजन काढलं की ताकद न वाढवता काय होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पाचवी पायरी: उताराचा हिशेब

चढाचं बोलणं सगळे करतात. माझ्या मते वजनाची खरी परीक्षा उतारावर होते. एक टनाची गाडी १०० च्या वेगावरून थांबवताना ब्रेकना सुमारे ३८६ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. तीच गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आणायची तर जवळपास ४,९०० किलोज्यूल, म्हणजे शंभरवरून बारा-तेरा वेळा थांबवण्याएवढी. दोन टनांच्या गाडीला याच्या दुप्पट. चोर्ल्याहून सत्तरीतल्या केरीकडे उतरताना पूर्ण वेळ ब्रेकवर पाय ठेवणाऱ्या जड गाड्यांच्या चाकांतून करपल्याचा वास का येतो, ते यावरून समजेल.

म्हणून उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर टाका. चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये घेऊन दुसऱ्या-तिसऱ्यात ठेवा. ब्रेक लावायचा तर नेटका दाबा आणि सोडा, नुसता टेकवून ठेवू नका. इलेक्ट्रिक गाडीत रिजनरेशन, म्हणजे मोटरनेच गाडी रोखण्याची सोय, जास्तीत जास्त ठेवा, ऊर्जा बॅटरीत परत जाते. पण घाटमाथ्यावर शंभर टक्के चार्ज करून निघालात तर बॅटरीत घ्यायला जागा नसते आणि रिजन क्षीण होतं, ही गोष्ट नव्या ईव्हीवाल्यांनी गाठीशी बांधावी. पेडल मऊ लागायला लागलं की जागा बघून थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

पावसाचंही इथेच सांगतो. ८० च्या वेगात कोरड्या चांगल्या रस्त्यावर घर्षण ०.८ धरलं तर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे ३१ मीटरांत थांबते. जूनच्या पहिल्या सरींत रस्त्यावर तांबड्या मातीचा लेप येतो. तिथे घर्षण अर्ध्यावर आलं तर ६३ मीटर. या गणितात वजन येत नाही, आणि तेवढ्यावर ‘वजनाने ब्रेकला फरक पडत नाही’ असं सांगणारे भेटतात. प्रत्यक्षात टायरवरचा भार दुप्पट केला की पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून जड गाडीला रुंद टायर लागतात, रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतात, आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो. टायरची नक्षी पावसाळ्याआधी तपासा.

सहावी पायरी: चाकं तोलून बघा

स्प्रिंगच्या खालचं वजन, म्हणजे चाक, टायर, ब्रेक, हे वरच्या वजनाहून जास्त त्रास देतं. खड्ड्यात चाक वर उसळतं ते परत रस्त्याला टेकवायचं काम सस्पेन्शनचं, आणि चाक जड तितकं हे काम उशिरा होतं. शिवाय चाकाला नुसतं पुढे न्यायचं नसतं, फिरवायचंही असतं. तरी आपल्याकडे पंधरा इंची चाकं काढून सतरा इंची अलॉय घालायची हौस फार. दिसायला ती छान दिसतात, पण बऱ्याचदा जड असतात, आणि टायरची बाजू कमी उरल्याने गावातल्या खड्ड्यांत रिम वाकतो तो वेगळा.

आखातात किंवा बोटीवर कामाला असलेलं कुणी घरात असेल तर बॅग तोलायचा हुकाचा काटा असतोच. स्टेपनी त्याला पट्ट्याने अडकवा आणि वजन लिहून ठेवा. स्टेपनी बारीक असेल तर मुख्य चाक काढून तोला. नवी अलॉय घेताना दुकानात तोच काटा घेऊन जा. चाकामागे दोन किलो जरी वाढणार असतील तरी मी ती घेणार नाही.

सातवी पायरी: टेस्ट ड्राइव्ह

एकट्याने घेऊ नका. घरातली तीन माणसं बरोबर न्या, एसी चालू ठेवा, आणि सपाट बायपासऐवजी जवळचा चढ मागा. चढाच्या मध्ये, दुसऱ्या गिअरमध्ये तीसच्या वेगावरून गाडी उचलते का बघा. मग खराब रस्त्यावर तीस-चाळीसने न्या आणि स्टिअरिंग हातात थरथरतं का, मागची माणसं उसळतात का, हे बघा. शेवटी रिकाम्या जागी, मागे कुणी नाही याची खात्री करून, साठवरून जोरात ब्रेक. गाडी सरळ थांबते की नाक खुपसते, ते पोटाला कळतं.

जड गाडी म्हणजे सुरक्षित, हा समज इथे बऱ्याच घरांतून ऐकू येतो. दोन गाड्यांच्या टकरीत हलक्या गाडीला जास्त झटका बसतो, हे भौतिकशास्त्र आहे, ते नाकारता येत नाही. पण सांगाडा कसा बांधलाय ते वजनावरून कळत नाही. टनाच्या आसपास वजनाच्या नव्या डिझायरला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर-चाचणीत प्रौढ प्रवाशांसाठी पाच तारे मिळाले. गाडीचा स्वतःचा चाचणी निकाल बघा, तो सगळ्यांना खुला असतो.

आठवी पायरी: बदल करायचे तर

सगळ्यात स्वस्त बदल डिकीत आहे. महिनोन् महिने पडून असलेल्या छत्र्या, पाण्याचे कॅन, कुणाच्या तरी लग्नातली भांडी: वीस-तीस किलो सहज निघतात. स्टेपनी मात्र काढू नका. चोर्ल्यात रात्री टायर फुटला तर मदत लांब असते.

सीट काढणं, सायलेन्सर बदलणं, इंजिन बदलणं या वाटेला जाण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ईसीयू रिमॅपने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची मांडणी बदलून, टर्बो गाडीची ताकद वाढते हे खरं, पण वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं आणि क्लच लवकर जातो. हाताशी पैसे असतील तर आधी चांगले टायर, मग ब्रेक पॅड आणि नवं ब्रेक फ्लुइड, मग हलकी चाकं. ताकदीचा नंबर त्यानंतर.

आणि सगळी ताकद खरोखर वापरून बघायची असेल तर ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवसाला, नाव द्या. कोइंबतूरला करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ मद्रास इंटरनॅशनल सर्किट. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं कलम १८९ खाली गुन्हा आहे. ट्रॅकवर जाताना वजनकाट्याची चिठ्ठी बरोबर न्या. तिथल्या प्रशिक्षकाला पुढच्या-मागच्या चाकांवरचा भार सांगितलात तर टायरमध्ये किती हवा ठेवायची हे तो अंदाजाने न सांगता नेमकं सांगू शकेल. पहिल्या काही फेऱ्यांनंतर एक फेरी हळू मारून ब्रेक थंड होऊ द्या. दीड टनाच्या वरची गाडी असेल तर ते आणखी लवकर करा.